पश्चिमेच्या खिडक्या आणि डबल ग्लासचं कोटेशन: नागपूरकरांनो, सल्ला हवा

संत्राबर्फी

बेसा रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. वर आणखी दोन मजले आहेत, त्यामुळे स्लॅबचा ताप नाही. पण हॉल आणि मोठी बेडरूम दोन्ही पश्चिमेला. मुलांची खोली दक्षिणेला, स्वयंपाकघर पूर्वेला, सासूबाईंची खोली उत्तरेला. खिडक्या बिल्डरने दिलेल्याच: ॲल्युमिनियमच्या सरकत्या टू-ट्रॅक, साधी काच, रबरं कधीच गळून गेलेली. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर हॉलच्या सोफ्यावर बसवत नाही. आणि सकाळी पुसलेल्या पट्टीत संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ.

या हिवाळ्यात बदलून घ्यायच्या असं ठरवलंय. खिडकीवाला माप घेऊन गेला. त्याचं म्हणणं, सगळीकडे यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटी) आणि डबल ग्लास लावा, मध्ये आर्गन गॅस भरून देतो, "मॅडम, बिल अर्ध्यावर येईल." कोटेशन चौरस फुटाला 1,100 रुपये. साधी 5 मिमी काच घेतली तर 600.

नेटवर वाचायला बसले तर जो तो हिवाळ्यात घर गरम ठेवायचा खर्च कसा वाचवावा हेच सांगतोय. आपल्याकडे तर उलटा मामला. बेडरूममध्ये दीड टनाचा एसी आहे. हॉलमध्ये आणि सासूबाईंकडे कूलर. मात्र डिसेंबर-जानेवारीत सासूबाईंना रात्री हीटर लागतो, त्यामुळे थंडीचाही विचार करायचाय. डबल ग्लास घ्यावी का? सगळीकडे घ्यावी का? कोणी लावली असेल तर खरं खरं सांगा.

झिरोमाईल

डोळे मिटून घ्या. आमचं घर वर्धा रोडला लागून आहे. डबल ग्लास लावल्यापासून ट्रकचा आवाज नाही, धूळ नाही, खोली लवकर थंड होते. पैसे जातात, पण सुख आहे.

तर्रीपोहे

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. आमच्याकडेही हीच चर्चा सुरू आहे, फक्त आमच्याकडे चर्चेचं भांडण झालंय.

फुटाळा_किनारी

ताई, कुठल्या खोलीला किती एसी लागेल याचे हिशोब काढण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

काच कुठली हे नंतर. आधी खिडकीचं तोंड कुठे आहे ते बघायचं. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं खाली. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत चक्क थोडा उत्तरेला असतो. याचा अर्थ असा की नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू असताना तुमच्या मुलांच्या खोलीच्या दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन येतच नाही. लोक दक्षिणेला घाबरतात, पण ती सगळ्यात गुणी दिशा. डिसेंबरात तोच सूर्य माध्यान्हीला 45 अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा अगदी खिडकीच्या डोक्यावर असला तर चार फूट उंच खिडकीचा वरचा अर्धा भाग सावलीत आणि खालच्या अर्ध्यातून ऊन आत. थंडीत फुकटचं.

पश्चिमेला हे काही चालत नाही. मेअखेर दुपारी चारला सूर्य साधारण 37 अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा फक्त वरची दीड फूट काच झाकतो. सव्वापाचला सूर्य 20 अंशांवर येतो आणि छज्जाची सावली जेमतेम पाऊण फूट उरते. बाकी सगळं ऊन थेट सोफ्यावर. छज्जा कितीही वाढवा, पश्चिमेच्या खिडकीला त्याचा फार उपयोग नाही. तिच्या समोरच काहीतरी उभं करावं लागतं.

आता आकडे. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा दाखवायला पुरे. चार बाय चारची खिडकी म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर. पश्चिमेच्या काचेवर दुपारी दर चौरस मीटरला 500 वॅट ऊन पडतंय असं धरा (प्रत्यक्षात जास्तच असेल), बाहेर 44 अंश, आत 26.

साध्या काचेतून उन्हाचा 82 टक्के ताप आत येतो, म्हणजे 615 वॅट. शिवाय बाहेरची हवा गरम म्हणून काचेतून झिरपणारा ताप 157 वॅट. एकूण 772. बघा, चार हिस्से उन्हाचे आणि एकच हिस्सा हवेचा.

साधी डबल ग्लास, म्हणजे दोन पारदर्शक काचा आणि मध्ये 12 मिमी पोकळी, लावली तर झिरपणारा ताप निम्म्यावर येतो, 76. पण ऊन? ते दोन काचांतूनही 70 टक्के आत येतं, म्हणजे 525. एकूण 601. वाचले 171 वॅट.

त्याच डबल ग्लासमध्ये ऊन अडवणारा लो-ई लेप असलेली काच घेतली, जिच्यातून 30 टक्केच ताप येतो, तर एकूण 275 च्या आसपास. वाचले 500.

आणि साध्या काचेच्या बाहेर बांबूची चिक सोडली, तिने तीन चतुर्थांश ऊन अडवलं, तर एकूण 310. वाचले 460. चिकेची किंमत तुम्हीच बाजारात विचारा.

आता रुपये. एसी एका युनिट विजेत साधारण तीन-सव्वातीन युनिट ताप बाहेर फेकतो. 500 वॅट रोज चार तास वाचले तर वीज वाचली जेमतेम 0.6 युनिट. जास्त वापराच्या टप्प्याचा विजेचा दर सगळे आकार धरून 15 रुपये समजा: दिवसाला 9 रुपये, उन्हाळ्याच्या 90 दिवसांचे सुमारे 800. 16 चौरस फुटांच्या खिडकीमागे तुमचा फरक आहे 8,000 रुपयांचा. दहा वर्षं. तेही खिडकी पश्चिमेची असेल, खोलीत एसी असेल आणि 1,100 च्या भावात खरोखर लो-ई मिळत असेल तर. साधी पारदर्शक डबल ग्लास असेल तर वर्षाला 280 रुपये वाचतील आणि पैसे वसूल व्हायला 28 वर्षं लागतील. उत्तरेच्या खिडकीचा हिशोब मी करतच नाही.

"बिल अर्ध्यावर" कसं येतं ते त्या खिडकीवाल्याकडून कागदावर मांडून घ्या.

संत्राबर्फी

बापरे. तीनदा वाचलं. म्हणजे जे ऊन मी काचेच्या आत जाड पडदा लावून अडवते आहे, ते खरं तर अडतच नाही?

फुटाळा_किनारी

प्रकाश अडतो, ताप नाही. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर आदळलं, पडदा तापला. आता तापलेल्या पडद्यातून जी उष्णता निघते तिला काच बाहेर जाऊ देत नाही. ती खोलीतच फिरते. पांढरं अस्तर असलेला पडदा थोडं ऊन परत बाहेर टाकतो, तेवढाच फायदा. चिक बाहेर असली की तापते तीच, आणि तिचा ताप वारा घेऊन जातो. म्हणून चिक काचेला चिकटवून बांधू नका, चार-सहा बोटं अंतर ठेवा आणि वरची फट मोकळी सोडा.

टोरांटो_वऱ्हाडी

तुम्ही नेटवर जे वाचलंत ते आमच्यासाठी लिहिलेलं आहे, ताई! मूळचा अमरावतीचा, आता टोरांटोत. आमच्याकडे जानेवारीच्या कडाक्यात बाहेर कधी उणे वीस, आत एकवीस. एक्केचाळीस अंशांचा फरक, आणि कमी-जास्त फरक तर दिवसरात्र, महिनोन्‌महिने. इथे काचेतून झिरपणारा ताप हाच मुख्य खर्च, म्हणून डबल तर जवळपास प्रत्येक घरात, नवीन कामांत ट्रिपलसुद्धा. आर्गन, खिडकीच्या फटींना पट्ट्या, हिवाळ्यात आतून प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवून केस वाळवायच्या यंत्राने ताणून बसवणे, हे सगळं इथलं.

गंमत म्हणजे कॅनडात खिडकीला ईआर नावाचे गुण देतात. 2020 पासून एनर्जी स्टारचा (ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंना मिळणारा) शिक्का हवा तर ईआर किमान 34 किंवा यू-व्हॅल्यू (ताप किती झिरपतो तो आकडा) जास्तीत जास्त 1.22 लागते. त्या ईआरमध्ये खिडकीतून जितकं ऊन आत येईल तितके गुण वाढतात, कारण आम्हाला ते हवं असतं. म्हणजे इथे जास्त गुणांनी पास झालेली खिडकी बेसाला पश्चिमेच्या भिंतीत बसवली तर तुमचा हॉल उकडून निघेल.

आणखी एक. अमेरिकन साइटवर यू-फॅक्टर (म्हणजे यू-व्हॅल्यूच) 0.30 वगैरे दिसेल आणि आपल्याकडच्या पत्रकात 1.7. घाबरू नका, दोन्ही एकच. त्यांचं एकक वेगळं आहे, त्यांच्या आकड्याला 5.68 ने गुणायचं.

तर्रीपोहे

म्हणजे परदेशातली बहीण "ट्रिपलच घे" म्हणाली तर हो म्हणायचं आणि बांबूची चिक आणायची. भांडण मिटलं!

इतवारीचा_काचवाला

ताई, मी या धंद्यातलाच आहो, म्हणून सांगून राहिलो. तुमचं काम मला नको, निवांत वाचा.

तुमच्या खिडकीवाल्याने आर्गन म्हटलं, पण लो-ई म्हटलं का? नाही ना? तं तिथंच समजून घ्या. लेप नसलेल्या काचेत हवा भरा नाही तं आर्गन भरा, उन्नीस-बीसचा फरक. आणि गॅस आहे का नाही हे डोळ्यानं दिसत नाही, म्हणून तो विकायला सोपा जाते.

कोटेशनवर तीन आकडे लिहून मागा. यू-व्हॅल्यू, एसएचजीसी आणि व्हीएलटी. पहिला म्हणजे ताप किती झिरपते, दुसरा म्हणजे उन्हाचा ताप किती आत येते, तिसरा म्हणजे उजेड किती येते. आपल्या गावात दुसरा आकडा पहिले पाहा. काच ज्या कंपनीची आहे तिच्या पत्रकात हे आकडे राहतातच. जो फॅब्रिकेटर "असं काही नसते" म्हणते, त्याला चहा पाजून वापस पाठवा.

माल आला की बसवायच्या आधी एक काम करा. संध्याकाळी अंधारात लायटर पेटवून काचेसमोर धरा. डबल ग्लासमध्ये ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, एकामागं एक, कारण काचेच्या बाजू चार. त्यातल्या एकीचा रंग बाकी तिघींपेक्षा वेगळा दिसला तं लेप आहे. चारही सारख्या तं लेप नाही, पैसे लेपाचे देऊ नका. बाहेरून मोजलं तर लेप दुसऱ्या बाजूला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. थंड देशात तो तिसऱ्या बाजूला ठेवतात. उलटी बसली तं ऊन अडवायचं काम कमी करते. मोठमोठे लोक उलटी बसवून मोकळे होतात, बाप्पा!

संत्राबर्फी

लायटरची युक्ती भारीच आहे. पण मग डबल ग्लासच्या मध्ये धुकं येतं म्हणतात ते काय?

इतवारीचा_काचवाला

दोन काचांच्या मध्ये कडेनं एक पोकळ पट्टी राहते, तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. पट्टीच्या बाहेरून डबल सील. सील हलक्या दर्जाचं असलं, काच उन्हात तापून रात्री थंड होते असं वर्षानुवर्षं झालं, की सील सुटते. मंग पावसाळ्यातली दमट हवा आत जाते, दाणे भरून जातात, आणि आतून धुकं. ते पुसता येत नाही. पूर्ण काचच बदला. म्हणून वॉरंटी फ्रेमची वेगळी आणि सीलची वेगळी लिहून घ्या. गल्लीत हातानं जोडलेली डबल ग्लास घेऊ नका, कारखान्यातून सील होऊन आलेली घ्या.

झिरोमाईल

फुटाळा_किनारी यांचा हिशोब बरोबर असेल, पण तो फक्त विजेचा आहे. मे महिन्यात साध्या काचेला आतून हात लावून बघा. त्या काचेजवळ अभ्यासाचं टेबल ठेवलं तर एसी 24 वर असूनही बसवत नाही, कारण काचच अंगावर ताप टाकत असते. डबल लावल्यावर आतली काच तितकी तापत नाही. मी आता एसी 26-27 वर चालवतो. हे तुमच्या 171 वॅटमध्ये कुठे बसतं?

फुटाळा_किनारी

नाही बसत, मान्य. एसी दोन अंश वर ठेवता आला तर तो फायदा वेगळा आणि खरा. आवाजाचंही तसंच, पण आवाजासाठी दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्याव्यात किंवा एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली, घ्यावी. माझं म्हणणं एवढंच की सुखासाठी घेताय तर सुखासाठी म्हणून घ्या, बिलाच्या नावावर घेऊ नका. आणि तुमच्या खिडकीवर बाहेरून सावली असती तर साधी काचही एवढी तापली नसती.

झिरोमाईल

सातव्या मजल्यावर चिक बांधून दाखवा. एका वादळात थेट विमानतळावर पोचेल.

फुटाळा_किनारी

सातव्या मजल्याला लो-ई. वाद मिटला.

महालातली_माय

एवढ्या हिशोबात कोणी कूलरचं बोललंच नाही! ताईंच्या हॉलमध्ये आणि सासूबाईंकडे कूलर आहे ना? कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढतो आणि आत ढकलतो. मे महिन्यात दुपारी हवा हाडं वाळवणारी कोरडी असते म्हणून तो चालतो. पण आत आलेली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. समोरची खिडकी हातभर उघडी नसेल तर तासाभरात खोली दमट, अंग चिकट, आणि मग कूलरच्या नावानं बोटं मोडायची. मग हॉलमध्ये खिडकी उघडीच ठेवायची आहे तर तिच्यात दोन काचा कशाला? उघड्या खिडकीतून हवा एक काच, दोन काचा बघत नाही.

आमच्या महालातल्या जुन्या घरात खिडक्यांना काचाच नव्हत्या. सागवानी फळ्यांच्या झडपा. दहा वाजता बंद, संध्याकाळी पाणी मारून उघडायच्या. भिंती दीड हात जाड, हे आहेच म्हणा.

फुटाळा_किनारी

माय, हा मुद्दा लाखाचा आहे. त्यात एक भर: सरकत्या टू-ट्रॅक खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची, म्हणजे केसमेंट, असेल तर जवळपास नव्वद टक्के. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या 2018 च्या इको निवास संहितेतही उघडण्याजोगं क्षेत्र मोजताना हाच फरक धरला आहे. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात येतं तिथे घराच्या कार्पेट क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के भाग उघडणारा असावा असं त्यात म्हटलंय. जुन्या पल्ल्यांच्या खिडक्या काढून सगळीकडे सरकत्या बसवणारे लोक नकळत अर्धा वारा विकून टाकतात.

ही संहिता नवीन इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या तापालाही मर्यादा घालते, दर चौरस मीटरला 15 वॅट. फ्लॅट विकत घेणाऱ्याने बिल्डरला हा आकडा विचारून बघावा. चेहरा बघण्यासारखा होतो.

काळी_काच_नको

सनकंट्रोल फिल्मचं काय? आमच्या सोसायटीत निम्म्या खिडक्या काळ्या झाल्यात.

इतवारीचा_काचवाला

काळी फिल्म ऊन गिळते, परतवत नाही. गिळलं की काच तापते. साध्या काचेचा मधला भाग तापला आणि कडा चौकटीत थंड राहिल्या की काच तडकते, कडेपासून सुरू होऊन वाकडी रेघ जाते. टफन केलेली काच हे सहन करते. डबल ग्लासवर तं कंपनीला विचारल्याशिवाय फिल्म लावूच नका, सीलची वॉरंटी जाते. भाड्याचं घर असलं आणि फिल्मच लावायची असली तं परावर्तन करणारी, फिक्या रंगाची लावा. खोलीत दिवसा लाइट लावायची पाळी आली तं काय फायदा?

काळी_काच_नको

धन्यवाद. आरशासारखी लावली तर समोरच्या बिल्डिंगवाले ओरडतात, तो अनुभव मात्र आहे.

संत्राबर्फी

थंडीचं राहिलं. सासूबाईंची खोली उत्तरेला. तिथे तरी डबल ग्लास लावू का? हीटर रात्रभर सुरू असतो.

टोरांटो_वऱ्हाडी

नागपूरची थंडी किती अंश?

तर्रीपोहे

भाऊ, 29 डिसेंबर 2018 ला 3.5 होती. हसू नका. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, रजई एकच, आणि फरशी बर्फ.

अवांतर: तिकडच्या लोकांना आपलं नागपूर म्हणजे 56 अंश वाटतं. ते मे 2024 मधलं बिघडलेल्या यंत्राचं रीडिंग होतं, हवामान खात्याने नंतर सांगितलंही. खरा विक्रम 47.9, मे 2013 चा. तेवढा पुरेसा आहे.

टोरांटो_वऱ्हाडी

हसत नाही हो. तापवलेल्या घरात बसून टाइप करतोय, नैतिक अधिकार नाही.

इकडचा एक धडा मात्र तिकडेही लागू पडतो: आधी फटी, मग काच. रात्री उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेनं फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट. सरकत्या पल्ल्यांच्या मधल्या जोडाला आणि खालच्या पट्टीला हमखास सापडेल. ब्रशच्या पट्ट्या आणि रबर बदलायला काचेच्या मानाने किरकोळ खर्च.

महालातली_माय

आणि कूलर? खिडकीला वर्षभर लावून ठेवलाय का? मग तेच भोक. उन्हाळ्यात जिथून गार हवा येते तिथूनच हिवाळ्यात पहाटेचा वारा येतो. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत कूलर बाराही महिने खिडकीत बसलेला असतो, वर जुनी चादर टाकून. दिवाळीनंतर कूलर आत घ्या, खिडकी बंद करा. नाही जमत तर आतून प्लायवूडचा तुकडा घट्ट बसवा.

आणि घरात कोळशाची शेगडी कुणी ठेवत असेल तर खिडक्या घट्ट बंद करून मुळीच नको. तो धूर दिसत नाही, पण माणूस झोपेतच जातो.

संत्राबर्फी

माय, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? कूलर खिडकीतच आहे आणि वर जुनी चादरच आहे. फक्त चादर फुलाफुलांची आहे.

फुटाळा_किनारी

हीटरचं गणित सोपं आहे. हजार वॅटचा हीटर तासाला एक युनिट. एसीसारखं तिप्पट काम तो करत नाही, एक युनिट वीज म्हणजे एक युनिट ताप. म्हणून थंडीत वाचवलेला प्रत्येक वॅट महाग. पण आपल्याकडे खऱ्या थंडीच्या रात्री मोजक्या, आणि आत 20, बाहेर 8 असं धरलं तर फरक बारा अंशांचा. दीड चौरस मीटरच्या साध्या काचेतून जातात 104 वॅट, डबलमधून 50. वाचले 54. हीटर रात्रभर चालला तर अर्ध्या युनिटाच्या आतबाहेर. यासाठी आठ हजार घालू नका. कूलर काढा, फटी बुजवा, रात्री जमिनीपर्यंत जाड पडदा लावा. थंडीत आतला पडदा कामाचा असतो, उन्हाळ्यात नसतो. आणि दिवसा सासूबाईंना दक्षिणेच्या खोलीत उन्हात बसवा, ती खोली त्याच कामाची आहे.

उत्तरेबद्दल एक सूचना. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या 25 अंश उत्तरेला मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिरपं ऊन येईल. खिडकीच्या पश्चिमेकडच्या कडेला उभी पट्टी, नाही तर एखादा वेल, एवढ्यावर भागतं.

मनीषनगरची_मी

यूपीव्हीसी उन्हात पिवळं पडतं का? आमच्या शेजारणीच्या खिडक्या बिस्किटाच्या रंगाच्या झाल्यात.

इतवारीचा_काचवाला

हलका माल पडते. चांगल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे चौकटीच्या पट्टीत, उन्हापासून वाचवणारं मिश्रण पुरेसं राहते. आतमध्ये लोखंडी गॅल्वनाइज्ड पट्टी भरली आहे का ते कापलेला तुकडा हातात घेऊन पाहा, नाही तं मोठा पल्ला उन्हाळ्यात वाकते आणि कडी लागत नाही. रंग पांढराच घ्या. लाकडी दिसणारी गडद फ्रेम पश्चिमेला भट्टीसारखी तापते. ॲल्युमिनियम घ्यायचंच असलं तं मध्ये प्लास्टिकची पट्टी असलेलं, थर्मल ब्रेकवालं, येते, महाग आहे. जुना सागवान चांगला असला तं चौकट फेकू नका. काच बदला, रबर टाका, पॉलिश मारा. चंद्रपूर-आलापल्लीचा जुना साग आज त्या भावात भेटत नाही.

संत्राबर्फी

ठरवलंय ते लिहिते, चुकत असेल तर टोका.

बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीला, जिथे एसी आहे, लो-ई डबल ग्लास. आकडे लिहून घेऊन, लायटर लावून. हॉलला साधी काच, चांगली रबरं, बाहेरून चिक. बाकी ठिकाणी चौकट आहे तीच, ब्रश आणि रबर नवीन, सासूबाईंचा कूलर काढणार. खिडकीवाल्याला फोन करून एसएचजीसी विचारला. तो म्हणाला, "मॅडम, ते परदेशी काचेत असतं." दुसरा शोधते आहे.

एक अडचण आहे. हॉलला केसमेंट घेतली तर वारा जास्त, पण पल्ले बाहेर उघडणार आणि बाहेर ग्रील आहे. चिक कुठे लावू? सोसायटी ग्रीलच्या बाहेर काही लावू देत नाही.

इतवारीचा_काचवाला

पल्ले आत उघडणारे बनवा. आतला पडद्याचा रॉड थोडा पुढं घ्यावा लागते, बाकी काही नाही. मंग ग्रील आणि काचेच्या मध्ये जी पाच-सहा इंचांची जागा राहते तिथं चिक गुंडाळून वर बसते, दोरी आतून ओढायची. मच्छरजाळी मग सरकती नको, गुंडाळणारी घ्या, आतून. कूलरचा पल्ला वेगळा सोडा, एकाच बाजूला, म्हणजे हिवाळ्यात तेवढाच बंद केला की झालं. चौकटीचं माप घेताना ग्रीलची खोली मोजून घ्या. चारच इंच निघाली तं चिक पातळ घ्यावी लागेल.

संत्राबर्फी

आत्ताच मोजली. साडेपाच इंच. इतवारीत चिक कुठे चांगली मिळते ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का?

इतवारीचा_काचवाला

केला. भाव करून घ्या, नवतपा लागायच्या आधी जा.